चार गोल आणि एक तारखेचा पगार : नेव्हिल डिसूझा आणि नोकरीतला फुटबॉल



फुटबॉलवर व्याख्यान आणि तेही मनमाडला, हे काही जणांना थोडं विचित्र वाटलं असेल. महाराष्ट्रात फुटबॉल म्हटलं की कोल्हापूरचं नाव निघतं, तिथल्या पेठा-तालमींचे संघ आठवतात. त्यापलीकडे गोवा आणि कोलकाता. मनमाड म्हटलं की जंक्शन, पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना आणि पाण्याची टंचाई. पण आज मला जे सांगायचंय ते मनमाडकरांना इतरांपेक्षा लवकर कळेल, असं मला वाटतं. कारण ही गोष्ट जितकी गोलांची आहे, तितकीच नोकरीची आहे. आणि नोकरी म्हणजे काय, महिन्याच्या एक तारखेला हातात पडणारा पगार म्हणजे काय, हे रेल्वेच्या गावाला शिकवावं लागत नाही.

आपण आज एका सेंटर फॉरवर्डचं करिअर बघणार आहोत. आजच्या भाषेत स्ट्रायकर. संघात गोल मारणं हे ज्याचं मुख्य काम, तो. नाव नेव्हिल डिसूझा. मुंबईचा खेळाडू, मूळ गोव्याचं घराणं. या सभागृहात किती जणांनी हे नाव ऐकलंय ते मी विचारत नाही. जिथे जिथे विचारलंय तिथे फार हात वर झालेले नाहीत. आणि तरीही ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू हाच.

आधी ती स्पर्धा समजून घेऊ. 1956, मेलबर्न ऑलिंपिक. त्याच्या आठ वर्षं आधी, 1948 ला लंडनमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते आणि फ्रान्सकडून 2-1 असे हरले होते. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 असं धुतलं. त्यानंतर बूट घालून खेळणं सक्तीचं झालं. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेबांचं नाव आता 'मैदान' चित्रपटामुळे पुष्कळांना माहीत झालंय. त्यांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकून गेला होता. संघाचं नाव पुन्हा एकदा ऐका: सिटी पोलीस. म्हणजे खेळणारे पोलीस खात्याचे नोकर. हा धागा धरून ठेवा, तो पुढे लागेल.

मेलबर्नला पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. हंगेरीनं माघार घेतली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. एक डिसेंबर 1956. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला आपल्या खेळाडूचा एक फटका क्रॉसबारला लागून परत आला आणि नेव्हिलनं तो डोक्यानं आत ढकलला. ऑस्ट्रेलियानं बरोबरी केली. 33 व्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा गोल. ऑस्ट्रेलियाची पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिलचा तिसरा. शेवटी किट्टूनं चौथा मारला आणि सामना 4-2 असा आपण जिंकला. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचलेला हा पहिला आशियाई संघ.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा. मध्यंतरापर्यंत गोल नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीला गोल झाला तो आपला, आणि मारला नेव्हिलनंच. आघाडी काही मिनिटंच टिकली, शेवटी 4-1 असे हरलो. मग कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून 3-0. म्हणजे आपण चौथे.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. आपण त्या स्पर्धेत तीन सामने खेळलो, एक जिंकला, दोन हरलो. स्पर्धेत संघही अकराच होते. तेव्हा 'सुवर्णकाळ, सुवर्णकाळ' असं म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा. पण नेव्हिलच्या गोलांना त्यामुळे कमीपणा येत नाही. दोन सामन्यांत चार गोल, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी तो एक. बाकीचे दोघे होते युगोस्लाव्हियाचा टोडोर व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितार मिलानोव्ह. तिघांचे चार-चार गोल.

या तिघांना आज आपण शेजारी शेजारी उभं करू. कारण गोल सारखे, पण आयुष्यं वेगळी. आणि वेगळी का झाली, याचं उत्तर पायात नाही, ज्या संस्थेनं त्यांना पोसलं त्या संस्थेत आहे.

मिलानोव्ह खेळायचा सोफियाच्या सेना क्लबकडून. साम्यवादी देशांची ती पद्धत होती. खेळाडू कागदोपत्री सैन्यात किंवा एखाद्या खात्यात, प्रत्यक्षात दिवसभर फुटबॉल. ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता, पैसे घेऊन खेळणाऱ्यांना नाही. सैन्यातला माणूस हौशी ठरायचा, म्हणून या देशांचे सर्वांत चांगले संघ तिथे उतरायचे. त्या वर्षी सुवर्ण सोव्हिएत संघाला, रौप्य युगोस्लाव्हियाला आणि कांस्य बल्गेरियाला मिळालं, हा काही योगायोग नव्हता.

व्हेसेलिनोविच हा नोव्ही साद शहरातल्या व्होयव्होदिना क्लबचा. तो पुढे इटलीतही खेळला, आणि नंतर युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या गोलांना बाजार मिळाला आणि खेळणं संपल्यावर फुटबॉलमध्येच दुसरं काम मिळालं.

आणि नेव्हिल? नेव्हिल खेळायचा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. नाव क्लबचं असलं तरी कोलकात्याच्या मोहन बागानसारखा तो वर्गणीदारांचा, चाहत्यांचा क्लब नव्हता. उद्योगसमूहाचा संघ होता. मुंबईचा त्या काळचा बहुतेक फुटबॉल असाच होता. रोव्हर्स कप ही देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक, 1891 पासूनची. ती कूपरेजला खेळली जायची, आणि 1958 साली ती जिंकली कॅलटेक्सनं. कॅलटेक्स म्हणजे तेल कंपनी. पुढे मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँका, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे. मुंबई लीगच्या संघांची यादी वाचली तर वाटावं, नोकरभरतीची जाहिरात वाचतोय.

ही पद्धत चालायची कशी? पोरगा चांगला खेळतो म्हणून कंपनीत किंवा खात्यात लागायचा. कारकून, हेल्पर, तिकीट तपासनीस, जे पद रिकामं असेल त्यावर. मस्टरवर सही करायची, अर्धा दिवस काम, मग सरावाला सुट्टी. सामने असतील तर खास रजा. पगार ग्रेडप्रमाणे. आणि कळीचा मुद्दा इथे आहे: पगार ग्रेडप्रमाणे, गोलाप्रमाणे नाही. सेंटर फॉरवर्डनं मोसमात तीस गोल मारले काय आणि तीन मारले काय, महिन्याचा आकडा तोच. जगात सगळीकडे फुटबॉलमध्ये सर्वांत महाग माल म्हणजे गोल मारणारा माणूस. आपल्याकडे तो आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरचा न खेळणारा कारकून एकाच वेतनश्रेणीत.

यावर कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. थांबा. त्या काळात बाकी जगात काय चाललं होतं तेही बघू. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल 1885 पासून अधिकृत होता. पण खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला वीस पौंड. स्टॅन्ली मॅथ्यूजसारखा खेळाडू असला तरी तेवढेच. 1961 च्या जानेवारीत ही मर्यादा उठली, तीही खेळाडूंच्या संघटनेनं संपाची तयारी केल्यावर. लगेच फुलहॅमनं जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड द्यायला सुरुवात केली. म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या माहेरघरीसुद्धा गोलाला त्याची खरी किंमत मिळायला 1961 उजाडलं. नेव्हिल त्या आधीच्या पिढीचा.

आता मनमाडच्या जवळची गोष्ट. मेलबर्नला नेव्हिलच्या उजव्या बाजूला एक वीस वर्षांचा पोरगा खेळत होता. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सगळ्यांचा पी. के. हा पी. के. रेल्वेचा नोकर. पूर्व रेल्वेचा. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन मोठे क्लब, पण पी. के. आपली उमेदीची सगळी वर्षं पूर्व रेल्वेकडून खेळला. 1958 साली तर पूर्व रेल्वेनं कोलकाता लीग जिंकली. रेल्वेच्या नोकरांनी मोठमोठ्या क्लबांना मागे टाकलं. राष्ट्रीय पातळीवर रेल्वेचा संघ 1960 च्या दशकात तीनदा संतोष ट्रॉफी जिंकला. 1962 ला जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवून सुवर्ण मिळवलं, त्यातला एक गोल पी. के.चा. त्याच संघात गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. त्यानं मुंबईत सुरुवात केली पश्चिम रेल्वेकडून, मग टाटांकडे गेला. चुनी गोस्वामी मोहन बागानचा लाडका, पण पगार स्टेट बँकेचा. म्हणजे भारताचं शेवटचं मोठं फुटबॉल यश हे मस्टरवर सही करणाऱ्या माणसांनी मिळवलेलं आहे. हे वाक्य घरी घेऊन जा.

या पद्धतीनं दिलं काय? सर्वांत मोठी गोष्ट: पाय मोडला तरी चूल पेटत राहिली. स्ट्रायकरचा धंदा फार तोकड्या मुदतीचा. तिशी आली की वेग जातो, गुडघा बोलायला लागतो. त्यात गोल आटले की लोकांचा धीर सगळ्यात आधी त्याच्याबाबतीत सुटतो. बचावपटूची चूक लोक विसरतात, स्ट्रायकरचा हुकलेला गोल विसरत नाहीत. अशा माणसाला नोकरीनं सांगितलं, तुझा फॉर्म गेला तरी तू आमचा. गरिबाघरच्या पोरांना खेळू द्यायला आईबाप तयार झाले ते यामुळे. उगाच नाही आजही रेल्वेच्या वसाहतीत स्पोर्ट्स कोट्याचं नाव आदरानं घेतलं जातं.

आणि घेतलं काय? तीन गोष्टी. पहिली, मोल. ते सांगून झालं. दुसरी, वाढ. नेव्हिल मेलबर्नला होता 24 वर्षांचा. स्ट्रायकरचं खरं वय त्यानंतर सुरू होतं. ज्या वयात रोज मोठ्या बचावपटूंशी झुंजायचं, त्या वयात आपले खेळाडू ऑफिस लीग खेळून पुन्हा ऑफिसात. चार वर्षांनी रोम ऑलिंपिकला संघ गेला त्यात नेव्हिलचं नाव नव्हतं. जकार्ताच्या संघातही नव्हतं. तो का मागे पडला याची कारणं अनेक असू शकतात. पण एवढं खरं की ऑलिंपिकमध्ये चार गोल मारलेल्या माणसाला पुढच्या पायरीवर नेऊन बसवणारी कुठलीही शिडी देशात नव्हती.

तिसरी गोष्ट, आठवण. ही मला सर्वांत जास्त खुपते. क्लबाला चाहते असतात आणि चाहते आठवण ठेवतात. आजोबा नातवाला सांगतात, भिंतीवर फोटो लागतात, वर्धापनदिनी नाव घेतलं जातं. कंपनीला कर्मचारी असतात, आणि कर्मचारी निवृत्त झाला की फाईल बंद होते. पी. के. आठवतो, कारण तो पुढे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या क्लबांचा गाजलेला प्रशिक्षक झाला. पूर्व रेल्वेच्या फाईलीनं त्याला जपलेलं नाही, क्लबांनी जपलं. नेव्हिलच्या मागे असा क्लब नव्हता. 1980 साली, पन्नाशीच्या आतच, तो गेला. गोव्याच्या लोकांनी त्याला थोडंफार आपलं म्हटलं, पण तो खेळत होता तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर 1961 मध्ये. आणि ज्या मुंबईकडून तो खेळला ती तोवर क्रिकेटची झाली होती. म्हणजे त्याला आपलं म्हणायला पक्कं असं कोणी उरलंच नाही.

आता पुढची पायरी. ही पद्धत मोडली कशी? एका दिवसात नाही. 1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, 2007 मध्ये तिची आय-लीग झाली, 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. संघ शहरांच्या नावानं, खेळाडू करारावर. कंपन्यांचे जुने संघ एकेक करून गळाले. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, ज्यानं राष्ट्रीय लीग जिंकली होती, तो 2010 मध्ये बंद झाला. पंजाबचा जेसीटी, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, पुढच्याच वर्षी. कंपन्यांचं गणित सोपं होतं: संघ पोसण्यापेक्षा जाहिरात स्वस्त.

नव्या पद्धतीतला आपला महाराष्ट्राचा मुलगा बघायचा तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव घ्या. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. 2017 मध्ये आपल्या देशात 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला. मग इंडियन अ‍ॅरोज, मग जमशेदपूर एफसी, मग हैदराबाद, तिथे 2021-22 च्या मोसमात आयएसएल जिंकणाऱ्या संघात होता. नंतरही संघ बदलत गेले. यात एक मजा बघा. जमशेदपूर एफसी हा संघ टाटा स्टीलचा. म्हणजे नेव्हिलही टाटांकडून खेळला आणि अनिकेतही. पण नेव्हिलच्या पिढीचा माणूस कंपनीच्या मस्टरवर होता, अनिकेतच्या पिढीचा करारावर आहे. करार संपला की नातं संपलं. मोल मात्र मिळतं. स्ट्रायकरला स्ट्रायकरची किंमत मिळते, कारकुनाची नाही.

मग नवं चांगलं की जुनं? इतिहासाच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये, कारण तो सरळ उत्तर देत नाही. पण एक गोष्ट मी सांगू शकतो. दोन्ही पद्धतींत खरा फरक आहे तो जोखीम कोणाच्या डोक्यावर, याचा. जुन्या पद्धतीत जोखीम कंपनीची, म्हणून कमाईही कमी. नव्या पद्धतीत कमाई खेळाडूची, पण गुडघा गेला तर तोही खेळाडूचाच. आणि हे फक्त पुस्तकी नाही. 2025 मध्ये लीगच्या हक्कांचा जुना करार संपत आला, नवा होईना, आणि आयएसएलचा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. काही संघांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशातले सर्वांत चांगले फुटबॉलपटू घरी बसून होते. त्या महिन्यांत पूर्व रेल्वेच्या मस्टरवरच्या माणसाचा हेवा कोणाला वाटला असेल, तर त्याला हसू नका.

माझं म्हणणं एवढंच की आपण 'नोकरी की खेळ' असा प्रश्न विचारतो, तो चुकीचा आहे. नेव्हिलच्या काळात खेळ हीच नोकरी होती आणि आज करार हीही नोकरीच आहे, मुदतीची. तेव्हा मनमाडात कोणाचा मुलगा किंवा मुलगी रेल्वेच्या मैदानावर गोल मारत असेल, तर आईबापांनी तीन प्रश्न विचारावेत. दुखापत झाली तर खर्च आणि पगार कोण देणार? वयाच्या तिशीनंतर याच खेळात, प्रशिक्षक म्हणून, पंच म्हणून, काही वाट आहे का? आणि या संस्थेत खेळून गेलेल्यांची आठवण कोणी ठेवतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मागा. तिसऱ्याचं उत्तर संस्थेच्या भिंतीवर बघा.

तिसरा प्रश्न भावनेचा वाटेल, पण तो हिशोबाचा आहे. जी संस्था आपल्या जुन्या खेळाडूंना विसरते ती नव्यांनाही मोसमापुरतीच धरते. आणि हे काम आपलंही आहे. रेल्वेच्या कारखान्यात, लोको शेडमध्ये, स्टेशनवर काम करून संध्याकाळी मैदानात उतरलेली माणसं आपल्या गावात अजून आहेत. त्यांची नावं, त्यांचे संघ, त्यांच्या स्पर्धा, जुने फोटो कोणीतरी लिहून-जपून ठेवायला हवेत. एका वहीत सुरुवात केली तरी पुरे. मेलबर्नला चार गोल मारणाऱ्याची आठवण एवढ्या मोठ्या मुंबईला ठेवता आली नाही. मनमाड लहान आहे, इथे ते सोपं जावं.